शब्द सगळे पाठ, तरी इंग्रजी वाक्य लागत नाही: नेमके कुठे अडते आणि काय करावे

आमच्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी सात ते साडेआठ मी इंग्रजी वाचनाचा वर्ग घेते. दर जूनमध्ये नवी मुले येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तेच सांगते: "बाई, शब्द सगळे येतात, पण वाक्य लागत नाही." सोबत वही असते. वहीत दोन रकाने. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, तीनतीनशे शब्द, सुवाच्य अक्षरात. मेहनत खरी असते, आणि इतक्या मेहनतीनंतरही मूल अडलेले पाहिले की मनाला लागते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तीन नमुने. नर्सिंगला असलेल्या एका मुलीने तिच्या पुस्तकातले वाक्य आणले होते: "द नर्स ड्रेस्ड द वूंड." तिने अर्थ लिहिला होता, "नर्सने जखमेला कपडे घातले." आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणाऱ्या एका मुलाकडे सूचना होती: "फाइल द शार्प एजेस." तो कागदांची फाइल धरून बसला होता. ज्या कानशीने तो वर्कशॉपमध्ये रोज लोखंड घासतो, तिला इंग्रजीत फाइल म्हणतात आणि कानशीने घासण्यालाही फाइलच म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. तिसरे वाक्य बारावीतल्या मुलीचे: "द फार्मर वॉटर्स द प्लांट्स बिफोर डॉन." तिने लिहिले होते, "शेतकरी पाणी रोपे पहाटेपूर्वी." आणि खाली पेन्सिलीने, "क्रियापद सापडत नाही."

या तिसऱ्या मुलीने रोग अचूक ओळखला होता. वॉटर म्हणजे पाणी, प्लांट म्हणजे रोप, हे तिला पक्के ठाऊक होते. तेच तिला नडले.

काय करून उपयोग होत नाही

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे आणखी शब्द पाठ करणे. त्याने काही होत नाही, कारण अडलेला शब्द अनोळखी नसतोच. तो ओळखीचा असतो आणि त्याची एकच ओळख आपल्याला असते. दुसरा उपाय म्हणजे नामाची, क्रियापदाची, विशेषणाची व्याख्या पाठ करून प्रत्येक शब्दाला लेबल लावणे. वॉटर नाम, फाइल नाम, ड्रेस नाम. हे तर नुकसानच करते, कारण लेबल एकदा डोक्यात चिकटले की निघत नाही. तिसरा उपाय मोबाइलवर पूर्ण वाक्याचे भाषांतर करून घेणे. अर्थ कळतो, पण पुढचे वाक्य पुन्हा तिथेच अडते.

मूळ कुठे आहे

मराठी शब्द आपले काम अंगावर घेऊन फिरतो. पाणी, पाण्याला, पाण्यात, पाण्याने. प्रत्यय पाहिला की कळते. क्रियापद तर लांबूनच ओळखू येते: घालतो, घातले, घालील. त्यामुळे "शेतकरी झाडांना पाणी घालतो" या वाक्यातले शब्द कसेही फिरवा, "झाडांना घालतो पाणी शेतकरी" म्हणा, कोण कुणाला काय करतो याचा घोळ होत नाही. आपण शब्दाकडे पाहून वाचतो.

इंग्रजीही एके काळी अशीच होती. जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला लुफु म्हणत आणि प्रेम करण्याला लुफिअन. शेवट वेगळे होते म्हणून नाम कोणते, क्रियापद कोणते हे शब्दच सांगत असे. पुढे काही शतकांत हे शेवट झिजत गेले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि इंग्रजी बरीच वर्षे मुख्यतः बोलण्यातच राहिली; त्या काळात झीज आणखी पुढे गेली. लुफु आणि लुफिअन दोघांचे शेवट गेले आणि उरला एकच लव्ह. असे शेकडो शब्दांचे झाले. मग नाम आणि क्रियापद ओळखायची जबाबदारी शब्दावरून उठून वाक्यातल्या जागेवर आली. शब्द त्या जागेवर बसला की ते काम त्याचे.

इथे मला आपल्या शाळेतल्या एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर शब्दांचे वर्ग पाडायची वाट रुळत गेली. शाळेत आपण त्यांना "शब्दांच्या जाती" म्हणतो. आपल्या समाजात जात हा शब्द ऐकला की ती जन्माने ठरलेली, कधी न बदलणारी, असेच मनात येते. मुलांना वाटते की वॉटर हा शब्द नाम म्हणून जन्मला आणि नाम म्हणूनच राहणार. मी वर्गात जात हा शब्द वापरत नाही. "या वाक्यात या शब्दाचे काम काय?" असे विचारते. एवढ्या बदलानेच मुलांची नजर शब्दावरून वाक्याकडे जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरे मूळ आपल्या बोलण्याच्या सवयीत आहे. इंग्रजी शब्द मराठीत आला की आपण त्याला "करणे" जोडतो. फोन करणे, बुक करणे, पार्क करणे, पोस्ट करणे, शेअर करणे. म्हणजे शब्द वस्तू आणि क्रिया करणे या शब्दाची. ही सवय इतकी मुरलेली असते की "ही फोन्ड मी" हे वाक्य दिसले की मूल त्यात "केला" कुठे आहे ते शोधते. लिहितानाही "ही डिड फोन टू मी" असे लिहिते. इंग्रजीत करणे वेगळे लागत नाही, फोन या शब्दातच ते आहे, हे एकदा स्पष्ट सांगावे लागते.

आणि तिसरे, मला वाटते सगळ्यात मोठे: मराठीत क्रियापद शेवटी येते. आपण वाक्य ऐकताना शेवटची वाट पाहतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येऊन गेलेले असते आणि आपले डोळे तिथून नुसते सरकून पुढे जातात. बारावीतल्या त्या मुलीच्या वाक्यात क्रियापद तिसरा शब्द होता. ती ते "डॉन" च्या आसपास शोधत होती.

उपाय: अर्थ नंतर, आधी क्रियापद

नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी इंग्रजी देतच नाही. फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिते: "खेळ संपला." "तू खेळ." विचारते, दोन्हीकडचा खेळ एकच का? मुले लगेच सांगतात, पहिला म्हणजे गेम, दुसरा म्हणजे खेळायला सांगितले. कसे कळले? शब्दात तर काना-मात्रेचाही फरक नाही. मग वर्गात शांतता होते आणि कुणीतरी म्हणते, "पुढे संपला आहे ना, मागे तू आहे ना." बस, हेच. नाच, बोल, मार, समज, ओळख, असे कितीतरी शब्द मराठीतही दोन्ही कामे करतात आणि चौथीतले मूलही त्यात चुकत नाही. ही नजर त्यांच्याकडे आहेच. ती इंग्रजीवर लावायची आहे.

आता इंग्रजी वाक्य घ्या. शब्दांचे अर्थ मनात आणू नका. आधी क्रियापद पकडा. त्यासाठी "कालची चाचणी": वाक्याच्या सुरुवातीला काल हा शब्द आहे असे समजा आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते पाहा. "यस्टर्डे, द फार्मर वॉटर्ड द प्लांट्स." वॉटर्स बदलला, प्लांट्स तसाच राहिला. क्रियापद सापडले. आता अर्थ लावा: शेतकरी वॉटर-तो रोपांना. पाणी घालतो. संपले.

ही चाचणी कट, पुट, हिट अशा शब्दांपाशी चालत नाही, कारण ते भूतकाळातही तसेच राहतात. तिथे "नाही" घालून पाहा. "द टेलर कट्स द क्लॉथ" याचे नकारार्थी "द टेलर डझन्ट कट द क्लॉथ." डझन्ट ज्या शब्दाच्या मागे जाऊन उभा राहिला, तो क्रियापद.

आता या सगळ्यातली सर्वात छळणारी गोष्ट: शेवटचा "एस". नामाला एस लागला तर अनेकवचन, क्रियापदाला एस लागला तर कर्ता एकवचनी. एकच अक्षर, दोन उलट्या दिशा. मी वर्गात हे तीन वाक्यांनी शिकवते आणि त्यावर पूर्ण एक संध्याकाळ घालवते. ती संध्याकाळ कधीच वाया गेलेली नाही.

"द कंपनी प्लॅन्स चेंजेस."
"द कंपनी प्लॅन चेंजेस."
"द कंपनी प्लॅन्स चेंज."

पहिल्यात कालची चाचणी लावली की "प्लॅन्ड" होते. म्हणजे क्रियापद प्लॅन्स, आणि चेंजेस हे नाम: कंपनी काही बदल आखते आहे. दुसऱ्यात प्लॅनचा एस गेला. कंपनी एकवचनी आहे, ती क्रिया करत असती तर प्लॅनला एस हवाच होता. म्हणजे प्लॅन क्रियापद नाही. ते कंपनीला चिकटून "कंपनीचा प्लॅन" झाले आणि क्रियापदाचे काम चेंजेसकडे गेले: कंपनीचा प्लॅन बदलतो. एक अक्षर हलले आणि अख्ख्या वाक्याचा कणा सरकला.

तिसऱ्या वाक्यापाशी मुले दोन गटांत वाटली जातात. एक गट म्हणतो, कंपनी बदल आखते. दुसरा म्हणतो, कंपनीचे प्लॅन बदलतात. मग दोघे माझ्याकडे पाहतात. दोघेही बरोबर आहेत. हे वाक्य एकटे असेल तर दोन्ही अर्थ होतात आणि निर्णय मागच्या-पुढच्या वाक्यांनीच करायचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण चांगल्या मुलांना वाटते की आपल्याला कळत नाही म्हणजे आपलेच चुकते. काही वेळा वाक्यच दोन तोंडांचे असते. "दे कॅन फिश" म्हणजे ते मासे पकडू शकतात, किंवा ते मासे डब्यात भरतात, कारण कॅन म्हणजे डबाबंद करणेही होते. "ही वेन्ट टू वर्क" यात तो कामावर गेला की काम करायला गेला, हे टू वरून ठरत नाही. सुदैवाने दोन्हींत तो घरी नाही, एवढे नक्की.

शेजारी पाहा

क्रियापद सापडल्यावर बाकीच्या शब्दांसाठी त्यांचे शेजारी पुरतात. मागे अ, द, माय, हिज असे काही असेल तर पुढे कुठेतरी नाम येणार, मग तो शब्द एरवी कितीही क्रियापदासारखा वाटो. "टेक अ वॉक", "हॅव अ लुक", "गिव्ह मी अ कॉल", इथे वॉक, लुक, कॉल तिन्ही नामे. मागे कॅन, विल, मस्ट, डोन्ट असेल तर पुढे क्रियापद.

"पुढे कुठेतरी" असे म्हटले, कारण द च्या लगेच पुढचाच शब्द नाम असतो असे नाही. "द स्कूल बस ड्रायव्हर" यात तीन नामे ओळीने उभी आहेत. यातले खरे कोण? शेवटचे. आपल्याकडेही तसेच आहे. पुरणपोळीत पुरण आधी येते, पण ती पोळी. साखरभात हा भात. घोडागाडी ही गाडी. इंग्रजी हे दोन शब्दांत जागा सोडून लिहिते, म्हणून आपल्याला ते दोन वेगळे पदार्थ वाटतात. हॉर्स रेस ही शर्यत आणि रेस हॉर्स हा घोडा, हे एकदा सांगितले की मुले स्वतःच जोड्या शोधायला लागतात.

इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यांत अ आणि द गाळतात, म्हणजे शेजारीच निघून जातात. म्हणून मथळा सगळ्यात शेवटी वाचा, बातमी आधी. ज्यांना मथळ्यापासूनच सुरुवात करायची सवय आहे त्यांना हे उलटे वाटेल, पण शिकताना हाच क्रम सोपा पडतो.

आयएनजी शेवटाबद्दल थोडेसेच. तो दिसला की मुले डोळे झाकून "चालू क्रिया" म्हणतात. "ही इज रनिंग" मध्ये ते खरे आहे. पण "रनिंग वॉटर" म्हणजे वाहते पाणी, ते विशेषण. "रनिंग इज गुड" म्हणजे धावणे चांगले, ते नाम. मागे इज, आर, वॉज काही आहे का ते आधी पाहा.

जागा कळली, तरी अर्थ कसा काढायचा

इथे एक सूत्र मिळावे असे सगळ्यांना वाटते: नाम क्रियापद झाले की त्याचा अर्थ अमुक. असे सूत्र नाही. वॉटर द काऊ म्हणजे गाईला पाणी पाजा. मिल्क द काऊ म्हणजे गाईचे दूध काढा. एकात आत जाते, एकात बाहेर येते. सॉल्ट म्हणजे मीठ लावणे, स्किन म्हणजे कातडे काढणे. डस्ट म्हणजे धूळ झटकणे, आणि केकवर पिठीसाखर भुरभुरवण्यालाही डस्टच म्हणतात. मग ठरवायचे कसे? त्या वस्तूचे जगात एरवी काय करतात हे स्वतःला विचारा. गाईच्या दुधाचे लोक काय करतात? काढतात. फर्निचरवरच्या धुळीचे काय करतात? झटकतात. जखमेचे नर्स काय करते? पट्टी बांधते. त्या मुलीला हे उत्तर मनातून ठाऊक होते, ती रोज तेच करत होती. ड्रेस या शब्दाला कपड्यांशी बांधून ठेवले होते एवढेच.

आणि इथेच मराठी फार मोठी मदत करते, फक्त करणे हा शब्द बाजूला ठेवावा लागतो. वॉटर हे क्रियापद घ्या. "शी वॉटर्ड द रोझेस": गुलाबांना पाणी घातले. "हिज आइज वॉटर्ड": त्याचे डोळे पाणावले. "माय माऊथ वॉटर्ड": माझ्या तोंडाला पाणी सुटले. पाणावणे हा शब्द पाहा. आपणही पाण्यापासून क्रियापद केले आहे, फक्त त्याला आव जोडून. हातापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे, रागापासून रागावणे, फेसापासून फेसाळणे. आपल्या पूर्वजांनी हे सतत केले. इंग्रजी हेच काम काहीही न जोडता करते.

शरीराचे अवयव घेतले तर साम्य आणखी जवळचे दिसते. "फेस द प्रॉब्लेम" मध्ये चेहऱ्याचा क्रियापद म्हणून वापर आहे, आणि आपण म्हणतो अडचणीला तोंड देणे. "शोल्डर द रिस्पॉन्सिबिलिटी" म्हणजे जबाबदारी खांद्यावर घेणे. माझा आवडता शब्द बॅक. "माय बॅक हर्ट्स": पाठ दुखते. "द बॅक डोअर": पाठीमागचे दार. "शी बॅक्ड मी": तिने मला पाठिंबा दिला. "कम बॅक": परत ये. "बॅक द कार": गाडी मागे घे. नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, पुन्हा क्रियापद. मराठीतल्या पाठ, पाठीमागचे, पाठिंबा या तिन्ही शब्दांत तीच पाठ आहे. मुलांना मी सांगते, बॅकचे पाच अर्थ पाठ करू नका. एक पाठ डोळ्यांपुढे आणा आणि वाक्यातली जागा पाहा.

सगळेच शब्द असे एका घरातले नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. विहीर या अर्थाचा वेल आणि "चांगले" या अर्थाचा वेल यांचा एकमेकांशी संबंध नाही, दोन वेगळे शब्द झिजून सारखे दिसू लागले. कानस फाइल आणि कागदांची फाइल यांचेही तसेच. अशा ठिकाणी डोळ्यांपुढे चित्र आणून उपयोग नाही, शब्दकोशच उघडावा लागतो. शब्दकोश उघडलात तर पहिला अर्थ वाचून बंद करू नका. शब्दापुढे एन (नाम), व्ही (क्रियापद), एडीजे (विशेषण) अशी बारीक अक्षरे असतात. वाक्यात क्रियापद सापडले असेल तर थेट व्ही पाशी जा आणि तिथले अर्थ वाचा. फाइलवाल्या मुलाचा निम्मा त्रास एवढ्यानेच संपला असता.

बोलताना काय बदलते

लिहिताना सारखे दिसणारे काही शब्द बोलताना वेगळे होतात. यूज हा शब्द नाम असेल तर शेवटी "स", क्रियापद असेल तर "झ". हाउसचेही तसेच: घर म्हणजे हाउस, सामावून घेणे म्हणजे हाउझ. क्लोज म्हणजे बंद करणे यात "झ", जवळचा या अर्थी "स". रेकॉर्ड, प्रेझेंट, परमिट, एक्स्पोर्ट अशा दोन अवयवांच्या, म्हणजे रे-कॉर्ड असे दोन तुकड्यांत बोलायच्या शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचे काम बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. बातम्या ऐकताना फक्त रेकॉर्ड या एका शब्दावर आठवडाभर कान ठेवा, पुढे बाकीचे आपोआप ऐकू येतात. लेखनातला एक फरकही लक्षात ठेवण्याजोगा: आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस हे नाम असेल तर शेवटी सी, क्रियापद असेल तर एस. अमेरिकन लेखनात दोन्हीकडे सी. परीक्षेत यावर गुण जातात, म्हणून सांगितले.

हे इतक्यांदा का छळते

पालक विचारतात, असे दुहेरी कामाचे शब्द असून असून किती असणार? अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात इंग्रजी मजकुराचा सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यावर पुढे झालेल्या मोजणीत दिसले की वेगवेगळे शब्द मोजले तर एकाहून जास्त कामे करणारे सुमारे ११ टक्केच आहेत. पण मजकूर वाचत गेलो तर दर १०० शब्दांत असे ४० च्या आसपास शब्द भेटतात. कारण जे शब्द सतत लागतात तेच अनेक कामे करतात. मुलाने दुर्मीळ, अवघड शब्दांची यादी पाठ केली तर त्याला हा त्रास होतच नाही. त्रास होतो तो दॅट, लाइक, बॅक, राउंड, स्टिल अशा दुसरी-तिसरीतल्या शब्दांनी. त्यामुळे त्याला वाटते, सोपे शब्दही मला येत नाहीत, आणि त्याचा धीर सुटतो. म्हणून घरी मूल "सोप्या" शब्दावर अडले तर कृपा करून "एवढेही येत नाही का" असे म्हणू नका. तो सोपा शब्द नाही. इंग्रजीतला तो सर्वात कष्टकरी शब्द आहे.

वहीत काय बदल करावा

दोन रकान्यांची वही ठेवा, पण तिच्यात शब्द लिहू नका. डाव्या रकान्यात पूर्ण वाक्य लिहा, ज्यात तो शब्द भेटला ते. क्रियापदाभोवती पेन्सिलीने चौकट काढा. उजवीकडे पूर्ण वाक्याचा मराठी अर्थ, आणि तोही आपण बोलतो तसा. "डोळ्यांनी पाणी केले" नाही, "डोळे पाणावले." दिवसाला चार वाक्ये पुरे. तोच शब्द पुन्हा वेगळ्या कामात भेटला तर जुन्या वाक्याखाली नवे वाक्य लिहायला जागा सोडा. माझ्या वर्गात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौकट काढायला मुलांना पेन्सिल थांबवावी लागत नाही.

आणि तरीही अडलात, शब्द सगळे ओळखीचे, चाचण्या लावून झाल्या, वाक्य मात्र मोडकेच दिसते, तर ज्या शब्दाबद्दल सर्वात जास्त खात्री आहे त्याच्यावर पहिला संशय घ्या. यासाठी मी शेवटच्या तासाला एक वाक्य देते. इंग्रजी शिकवणाऱ्यांत ते प्रसिद्ध आहे: "द ओल्ड मॅन द बोट." मुले वाचतात, म्हातारा माणूस, होडी, आणि पुढे काहीच नाही. क्रियापद कुठे गेले?

गेल्या वर्षी नर्सिंगच्या त्या मुलीने फळ्यापाशी येऊन खडू घेतला. ती मोठ्याने बोलत बोलत गेली. बोटच्या मागे द आहे, म्हणजे बोट नाम. ओल्डच्या मागेही द आहे. क्रियापद लागणारच, आणि उरला एकच शब्द, मॅन. म्हणजे मॅन हेच क्रियापद असले पाहिजे, आणि मॅनला एस नाही म्हणजे कर्ता अनेक जण आहेत. मग द ओल्ड म्हणजे म्हातारा नव्हे, म्हातारी माणसे. "शहाण्याला शब्दाचा मार" यात शहाणा जसा आख्खा माणूस होतो, तसे. तिने मॅनभोवती चौकट काढली. मॅन म्हणजे एखाद्या जागेवर माणसे उभी राहून काम सांभाळणे, हा अर्थ तिला माहीत नव्हता, पण तिने तो जागेवरून काढला आणि खाली लिहिले: "होडी म्हातारी माणसे चालवतात."